काउंटर-स्ट्राइक १.६: जुना डाव नव्या मशीनवर मांडताना

हातात एम४ए१ रायफल आहे, समोरच्या कोपऱ्यातून टेररिस्ट बाहेर येतो आणि बोट आपसूक माउसच्या उजव्या बटणावर जातं. अलीकडच्या बहुतेक नेमबाजीच्या गेममध्ये उजवं बटण म्हणजे नेम धरणं. काउंटर-स्ट्राइक (सीएस) या टेररिस्ट विरुद्ध काउंटर-टेररिस्ट (सीटी) अशा गेमच्या १.६ आवृत्तीत मात्र तुमचा गडी शांतपणे सायलेन्सर पिळायला लागतो. सुमारे दोन सेकंद गोळी सुटत नाही आणि तेवढ्यात समोरचा एके-४७ नं काम उरकून पुढे गेलेला असतो.

जुना सीएस पुन्हा लावताना येणाऱ्या अडचणी बहुतेक याच जातीच्या. गेम सप्टेंबर २००३ मध्ये आला तेव्हा होता जवळजवळ तसाच आहे. हाताच्या सवयी, माउस, स्क्रीन आणि घरातलं नेटवर्क मात्र तेव्हाचं उरलेलं नाही. ही चार टोकं जुळवली की पहिल्या अर्ध्या तासातली चिडचिड बरीच कमी होते. खालच्या सगळ्या कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत टाकायची.

कॉपी कुठली

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर मिळणारी अधिकृत कॉपी घ्या. गेमची गरज ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ९६ एमबी रॅम एवढीच असल्यामुळे कुठलाही आजचा लॅपटॉप तो सहज चालवतो. अडतं ते स्टीमपाशी. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमनं विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला, त्यामुळे माळ्यावरचं जुनं मशीन खाली काढून धूळ झटकण्यात फारसा अर्थ नाही. मॅकवाल्यांची पंचाईत वेगळी. गेम ३२-बिट आहे आणि २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकओएस ३२-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही. लिनक्सवर तो थेट चालतो.

सायबर कॅफेत असायची तशी झिप केलेली 'नॉन-स्टीम' कॉपी आजही सहज सापडते, पण तिच्या वाटेला जाऊ नका. फुकटेपणाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी अशा कॉपीतली सर्व्हरची यादी कुणीतरी आधीच भरून ठेवलेली असते आणि त्यातला सर्व्हर तुमच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) काय लिहून जाईल याचा नेम नाही. २०१९ मध्ये डॉक्टर वेब या रशियन अँटिव्हायरस कंपनीनं बेलोनार्ड नावाचा ट्रोजन उघडकीला आणला. सर्व्हरशी जोडलं की तो गेममधल्या त्रुटींचा फायदा घेऊन मशीनमध्ये शिरायचा आणि मग त्याच मशीनवरून खोटे सर्व्हर यादीत मांडायचा. त्यांच्या मोजणीत तेव्हा यादीतले ३९ टक्के सर्व्हर या जाळ्यातले निघाले. अधिकृत कॉपीवाले खेळाडूही त्यातून सुटले नव्हते, म्हणून नावात पाच-पाच चांदण्या लावलेल्या अनोळखी सर्व्हरवर सहज म्हणूनही चक्कर मारू नये.

एकत्र खेळायचं असेल तर प्रत्येकाला आपापलं खातं आणि आपापली कॉपी लागते. फॅमिली शेअरिंगमध्ये एक कॉपी एका वेळी एकच जण चालवू शकतो. ज्या घरी जमणार तिथलं इंटरनेट भरवशाचं नसेल, तर प्रत्येकानं आदल्या दिवशी आपल्या घरी गेम एकदा पूर्ण सुरू करून बंद करावा आणि स्टीम ऑफलाइन मोडमध्ये उघडतं का ते तपासावं. हे न करता आलेला एक तरी मित्र सगळ्यांचा पाऊण तास खातो.

स्क्रीन आणि माउस

मूळ इंजिन ४:३ च्या चौकोनी मॉनिटरसाठी लिहिलेलं आहे. त्याच्या मूळ रूपात १६:९ लावलं की बाजूचं जास्त दिसण्याऐवजी वरचा-खालचा भाग कापला जातो. म्हणून ऑप्शन्समध्ये जाऊन व्हिडिओखाली ४:३ निवडा आणि १०२४ बाय ७६८ किंवा ८०० बाय ६०० ठेवा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या हव्यात की चित्र ताणून पूर्ण स्क्रीन भरायची, हे गेममध्ये ठरत नाही. ते ग्राफिक्स ड्रायव्हरच्या स्केलिंगमध्ये ठरतं. ताणलेल्या चित्रात माणसं जाड दिसतात आणि नेम धरायला सोपी वाटतात, पण आडव्या दिशेला ती तितकीच जोरात सरकतातही. ज्याला जे डोळ्याला बरं वाटेल ते. व्ही-सिंक (चित्र स्क्रीनच्या गतीशी बांधणं) मात्र बंदच ठेवा, नाहीतर माउस पाण्यात हलवल्यासारखा वाटतो. कन्सोलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'एफपीएस_मॅक्स १००' (सेकंदाला जास्तीत जास्त १०० चित्रं) ठेवा. त्याच्या फार पुढे गेलं की या इंजिनात चालण्या-उडण्याची गणितं हलतात.

कन्सोल उघडत नसेल तर ऑप्शन्समध्ये कीबोर्डच्या पानावर 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबून तो चालू करायचा. मग एस्केपच्या खालच्या बटणानं उघडतो.

आता माउस. "सेन्सिटिव्हिटी तर तीनच ठेवलीय, पूर्वीसारखीच, तरी नेम भिरभिरतो" ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि तिच्यामागे साधा हिशेब आहे. माउसनं पाठवलेल्या प्रत्येक नोंदीला गेम ०.०२२ अंश गुणिले सेन्सिटिव्हिटी एवढा वळतो. कॅफेतले ऑप्टिकल माउस साधारण ४०० डीपीआयचे, म्हणजे इंचाला ४०० नोंदी पाठवणारे, असत. आज बाजारात घेतलेला माउस १,६०० वर ठेवलेला असला, तर तीच 'तीन' सेन्सिटिव्हिटी चौपट वेगानं फिरते.

नेमका आकडा काढायला एक सोपं सूत्र आहे. ४१,५६४ ला डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटीच्या गुणाकारानं भागा. स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यायला माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागेल ते उत्तर येतं. ४०० डीपीआय आणि ३ ला येतात साडेचौतीस सेंटिमीटर. १,६०० डीपीआय आणि ३ ला फक्त पावणेनऊ, म्हणजे मनगट जरा हललं की पाठीमागची भिंत दिसते. जुना हात परत हवा असेल तर ८०० डीपीआयवर १.५ किंवा १,६०० वर ०.७५ ठेवा. दोन्हींत गिरकी तीच साडेचौतीस सेंटिमीटरची. खात्री करायची तर भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर नेम ठेवा, टेबलावर पट्टी ठेवा आणि माउस सरळ ओढत पुन्हा त्याच खुणेवर या. आकडा बराच वेगळा आला तर विंडोजचं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' चालू राहिलेलं असतं. त्यात हात वेगानं हलवला की पॉइंटर प्रमाणाबाहेर जास्त सरकतो, त्यामुळे हाताला अंतर पाठ होतच नाही. ते बंद करा, गेममधला 'रॉ इनपुट' चालू करा आणि 'माउस फिल्टर' बंद करा.

आणि हो, एवढ्या गिरकीला जागा लागते. लॅपटॉपशेजारी वहीएवढा पॅड टाकून हे जमणार नाही. रुंद पॅड घ्या किंवा टेबल मोकळं करा.

कुणी कौतुकानं २००४ सालची आपली 'कॉन्फिग.सीएफजी' पेनड्राइव्हवर आणली तर बटणांपुरती बघा आणि बाकीची विसरा. तिच्यातले नेटवर्कचे आकडे डायल-अप आणि सुरुवातीच्या ब्रॉडबँडच्या हिशेबाचे असतात. ते लादले की उत्तम जोडणीवरही खेळ अडखळतो.

तीन बटणांचे सापळे

सीएसमध्ये शिफ्ट दाबून हळू, बिनआवाज चालतात आणि टॅब दाबून स्कोअर बघतात. शिफ्ट-टॅब एकदम दाबलं की स्टीमचा ओव्हरले उघडतो, आणि हे हमखास बॉम्बजवळ दबकत जाताना होतं. स्टीमच्या सेटिंगमध्ये 'इन-गेम' खाली ओव्हरलेचं बटण बदला किंवा ओव्हरलेच बंद करा. दुसरा सापळा विंडोजचा: शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की 'स्टिकी कीज'ची खिडकी पुढ्यात येते. ती अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमधून कायमची बंद करावी. तिसरं विंडोज बटण, जे घाईत कंट्रोलऐवजी दाबलं जातं. ते गेमपुरतं बंद करायची सोय बऱ्याच गेमिंग कीबोर्डवर असते. नसेल तर करंगळीलाच शिकवावं लागतं.

हेडफोन लावा आणि त्याचा 'व्हर्च्युअल ७.१' वगैरे प्रकार बंद ठेवा. पावलं डावीकडे की उजवीकडे हे साध्या स्टिरिओत स्वच्छ कळतं. त्यावर आणखी प्रक्रिया केली की आवाज घुमतो आणि अंतर लपतं.

घरातला लॅन

कॅफेची खरी कमाल एका खोलीतल्या दहा मशीनच्या तारांची होती. घरी तसंच लॅन (एकाच जागेतल्या मशीनचं जाळं) हवं असेल तर तारच वापरा. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच आणि कॅट ५ई च्या केबली पुरतात. एक पोर्ट राउटरसाठी जातो, म्हणजे सात जण. दहा जण असतील तर सोळा पोर्टचा स्विच, नाहीतर दोन आठांचे एकमेकांना जोडून. बारीक लॅपटॉपना नेटवर्कचा पोर्टच नसतो; त्यांच्या मालकांना यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर आणायला आधीच सांगा. चार-पाच जण एकाच खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर भागतं. त्यापुढे नाही, कारण हवा सगळ्यांत वाटली जाते आणि एकाचं मोठं अपडेट मागे चालू असलं तरी सगळे अडखळतात.

स्विच राउटरला न जोडताच सुरू करण्याची चूक फार होते. मग आयपी पत्ता वाटायला कुणी उरत नाही आणि प्रत्येक मशीन १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतं. सर्व्हर यादीत दिसतो, पण जोडायला गेलं की 'लॅन सर्व्हर्स आर रिस्ट्रिक्टेड टू लोकल क्लायंट्स (क्लास सी)' असा निरोप येतो. कारण असं की लॅन मोडमधला सर्व्हर पत्त्याचे पहिले तीन आकडे जुळतात का ते पाहतो. १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.९ त्याला शेजारी वाटतात, १६९.२५४.१०.४ आणि १६९.२५४.८८.७ परके. स्विचची एक तार राउटरला जोडा, सगळे पत्ते एका ओळीत येतात. घरात दोन राउटर असले आणि अर्धे इकडे, अर्धे तिकडे बसले तरी हाच निरोप येतो. तेव्हा सगळ्यांना एकाच राउटरवर आणावं.

सर्व्हरसाठी वेगळं मशीन लागत नाही. ज्याचा लॅपटॉप सगळ्यात दमदार, त्यानं 'न्यू गेम' मधून सुरू करावा. त्याचं मशीन दमलं तर सगळ्यांचाच खेळ रखडतो, म्हणून त्याचा चार्जर लावलेला हवा आणि पॉवर मोड पूर्ण क्षमतेवर. हाच माणूस मध्येच फोन घ्यायला गेम बंद करून उठला तर सगळे बाहेर फेकले जातात, हे त्याला आधीच सांगून ठेवा. बाकीच्यांनी 'फाइंड सर्व्हर्स' मध्ये 'लॅन' च्या पानावर बघायचं.

यादी रिकामी दिसली तर या क्रमानं शोधा:

१. यजमानाच्या मशीनवर फायरवॉल. गेम पहिल्यांदा सुरू होताना विंडोज परवानगी विचारतं. घाईत 'कॅन्सल' दाबलं गेलं तर ते कायमची मनाई लिहून ठेवतं आणि पुन्हा विचारत नाही. विंडोज सिक्युरिटीमध्ये फायरवॉलखाली परवानगीच्या यादीत 'एचएल.ईएक्सई' शोधून प्रायव्हेट नेटवर्कची खूण करा.

२. नेटवर्कचा प्रकार. घरचं वाय-फाय 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं असेल तर वरची परवानगी लागूच होत नाही. 'प्रायव्हेट' करा.

३. पाहुण्यांचं वाय-फाय. 'गेस्ट' नेटवर्कवर राउटर मुद्दाम मशीन एकमेकांपासून लपवतो. मित्रांना मुख्य वाय-फायचा पासवर्ड द्यावाच लागेल.

४. फालतू नेटवर्क अ‍ॅडॉप्टर. ऑफिसचं व्हीपीएन, व्हर्च्युअलबॉक्स, हायपर-व्ही यांनी निर्माण केलेल्या खोट्या जोडण्यांपैकी एखादीवर गेम जाऊन बसतो. आयटीत काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर हे फार. खेळ संपेपर्यंत त्या बंद ठेवा.

एवढं करूनही यादीत नाहीच आला, तर यजमानाचा पत्ता काढून कन्सोलमध्ये 'कनेक्ट १९२.१६८.१.५' असं थेट द्या. यूडीपी पोर्ट २७०१५ हे गेमचं नेहमीचं दार.

खेळ सुरू झाल्यावर 'नेट_ग्राफ ३' लावून एकदा बघून घ्या. तारेच्या लॅनवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) एक आकडी असायला हवं आणि 'लॉस' (वाटेत हरवलेला डेटा) शून्य. लॉस दिसत असेल तर केबल बदला. 'चोक' (अडकून राहिलेला डेटा) दिसत असेल तर यजमानाचं मशीन किंवा वाय-फाय कमी पडतंय.

सामन्याची मांडणी

मेनूतले मूळ आकडे सैल आहेत: राउंड पाच मिनिटांचा, लावलेला बॉम्ब ४५ सेकंदांनी फुटणारा. पाच मिनिटांत निम्मे खेळाडू मरून मोबाइल बघत बसतात. स्पर्धांत रूढ झालेले आकडे घ्या: राउंड १.७५ म्हणजे पावणेदोन मिनिटं, बॉम्ब ३५ सेकंद, सुरुवातीचे पैसे ८००, फ्रेंडली फायर (आपल्याच साथीदारालाही गोळी लागणं) चालू. पंधरा राउंड झाले की स्कोअर कागदावर लिहा, बाजू बदला, 'एसव्ही_रीस्टार्ट १' द्या आणि पुढचे पंधरा खेळा. एकूण सोळा जिंकणारा जिंकला. माणसं विषम असतील तर 'एमपी_ऑटोटीमबॅलन्स ०' आणि 'एमपी_लिमिटटीम्स ०' करून ठेवा, नाहीतर गेम तुमच्यातलाच एक उचलून परस्पर पलीकडे टाकतो.

एकाच खोलीत खेळताना एक नियम मशीन पाळायला लावू शकत नाही: मेलेल्यानं गप्प बसायचं. "ए, लाँगला आहे तो!" अशी नकाशातली जागा सांगणारी एक आरोळी अख्खा राउंड नासवते. दोन संघ पाठीला पाठ लावून बसवा, म्हणजे स्क्रीन चोरून बघायचीही सोय राहत नाही.

नकाशाच्या बाबतीत वाद नको. सुरुवात डस्ट टूनंच करा, कारण २००१ मध्ये डेव्ह जॉन्स्टननं बनवलेला हा नकाशा पाय अजून विसरलेले नसतात. लाँगचं दार, मिडचे दुहेरी दरवाजे, बी चे बोगदे दोन राउंडमध्ये परत आठवतात. आइसवर्ल्ड, पूल डे असे कॅफेतले लाडके नकाशे गेमबरोबर येत नाहीत. त्यांच्या 'बीएसपी' फाइली 'सीस्ट्राइक' फोल्डरातल्या 'मॅप्स' मध्ये टाकाव्या लागतात, आणि त्या सगळ्यांच्या मशीनवर आधीच टाकलेल्या बऱ्या. गेममधून डाउनलोड व्हायला लागल्या की चहा होऊन येतो.

पैशाचं गणित

नव्या गेममध्ये बंदूक घेतली की गोळ्या भरून येतात. इथे एके-४७ घेतली तर फक्त एक मॅगझिन, ३० गोळ्या. उरलेल्या ९० वेगळ्या विकत घ्यायच्या: बी दाबून ६ मुख्य बंदुकीच्या, ७ पिस्तुलाच्या. हे विसरलेला माणूस दुसऱ्याच चकमकीत चाकू काढून धावताना दिसतो.

तर खरा हिशेब असा. एके २,५००, हेल्मेटसह केव्हलार (गोळीरोधक जाकीट) १,०००, तीन मॅगझिन ८० च्या दरानं २४०. झाले ३,७४० डॉलर. सीटीकडून एम४ए१ ३,१००, केव्हलार १,०००, तीन मॅगझिन ६० च्या दरानं १८०, झाले ४,२८०. एवढे पैसे संघातल्या बहुतेकांकडे नसतील तर त्या राउंडला सगळ्यांनी मिळून हात आखडता घ्यायचा. पिस्तूल, फार तर डेझर्ट ईगल ६५० ला. दोघांनी एमपी५ घ्यायची आणि तिघांनी काहीच नाही, असं झालं की हा राउंडही जातो आणि पुढच्यालाही पैसे नसतात. समोरचा संघ संपवून जिंकलेल्या राउंडला प्रत्येकाला ३,२५० मिळतात, एका बळीला ३००. हरल्यावर सुरुवातीला १,४०० आणि हरतच राहिलं तर ती रक्कम वाढत जाते. म्हणून सलग हरणाऱ्या संघाला उसनं अवसान न आणता एक राउंड थांबलं तरी पुढच्याला पूर्ण सामान परवडतं.

बोटांना आठवणारे आकडे तपासून घ्या. ज्यांचा हात १.५ वर बसलेला आहे ते टेररिस्ट असताना बी-४-१ दाबतात आणि हातात २,००० ची गलील येते. १.६ मध्ये एके बी-४-२ वर आहे, एम४ बी-४-३ वर. दुर्बिणीची एडब्ल्यूपी ४,७५० ची: टेररिस्टना बी-४-५, सीटींना बी-४-६. हेल्मेटसह केव्हलार बी-८-२, फ्लॅश बी-८-३, ग्रेनेड बी-८-४.

हात पुन्हा बसवणं

एकट्यानं एक नकाशा उघडा, सुरुवातीचे पैसे १६,००० ठेवा, एके घ्या आणि लांबच्या भिंतीसमोर उभे राहा. बटण दाबून धरा. तीस गोळ्या तीनेक सेकंदांत संपतात आणि भिंतीवरच्या खुणा आधी वर, मग आडव्या फाकत गेलेल्या दिसतात. पहिल्या दोन-तीन मात्र एका ताटलीत मावतील एवढ्या जवळ असतात. म्हणून लांबून दोन-तीन गोळ्या, अर्धा श्वास थांबून पुन्हा दोन-तीन. मध्यम अंतरावर धरून ठेवायचंच असेल तर माउस हळूहळू खाली ओढत जायचं. फवारा फक्त बोगद्यातल्या अंतरावर.

त्यानंतर तीच कृती चालता चालता करून बघा. खुणा भिंतभर पसरतात. १.६ मध्ये वेग हा नेमाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. डावीकडे ए दाबून निघालात तर थांबताना ए सोडून क्षणभर डी टिचकीसारखं दाबा. पाय जागच्या जागी थांबतो आणि त्याच क्षणी गोळी सरळ जाते. नुसतं ए सोडलं तर शरीर थोडं घरंगळतं आणि पहिली, सगळ्यात मोलाची गोळी वाया जाते. ही एक गोष्ट वीस मिनिटं घोटली तरी जुना खेळ निम्मा परत येतो. क्रॉसहेअर (नेमाची खूण) नेहमी डोक्याच्या उंचीवर चालवत न्या. जमिनीकडे बघत पळायची सवय नव्या गेममधून आलेली असते.

डोक्याला एवढं महत्त्व का, तर एकेची एक गोळी हेल्मेट घातलेल्या डोक्यालाही पुरते. एम४ ची बहुधा पुरत नाही, थोडासा जीव उरतो. म्हणून सीटीकडून खेळताना एका गोळीवर विसंबू नये, दुसरी तयार ठेवावी. शंभरचा जीव एकदा गेला की राउंडभर परत भरत नाही. आडोशाला बसून बरं व्हायची वाट बघणारे इथे नुसतेच बसून राहतात.

उजव्या बटणाचा सापळा वर आलाच. एके घेऊन सराव केला तर तो जाणवत नाही, कारण एकेवर उजव्या बटणाला कामच नाही. एम४ आणि यूएसपीवर सायलेन्सर, ग्लॉक आणि फमासवर तीन-तीन गोळ्यांचा मोड. ज्याला सवय मोडत नाही त्यानं राउंडच्या सुरुवातीला थांबण्याच्या वेळातच सायलेन्सर हवा तसा करून घ्यावा आणि उजव्या बटणाचं काम कीबोर्डवरच्या एखाद्या दूरच्या बटणाला द्यावं. एडब्ल्यूपीवाल्याला मात्र ते माउसवरच लागतं, दुर्बिणीसाठी.

ग्रेनेड हातात धरून 'शिजवायचा' प्रयत्न करू नका. त्याची वेळ हातातून सुटल्यावर सुरू होते. बटण कितीही वेळ धरलं तरी काही फरक नाही. लांब पळताना चाकू हातात घ्या: चाकूसह वेग २५०, एकेसह २२१, एडब्ल्यूपीसह २१०. लाँगला आधी पोचायचं असेल तर एवढ्या फरकानं राउंड ठरतो. खोक्यावर चढताना उडी मारून हवेत असताना कंट्रोल दाबायचं, नुसत्या उडीनं गुडघा अडकतो.

सोबत कुणी नसेल तर १.६ मध्ये बॉट (मशीननं चालवलेले खेळाडू) नाहीत हे ध्यानात ठेवा. २००४ च्या 'कंडिशन झिरो' या सीएसच्याच भावंड गेममध्ये ते मुळातच आहेत, इंजिन तेच आणि बंदुकांची चाल ओळखीची. कस्टम गेम सुरू करताना बॉट किती आणि किती हुशार हे तिथेच ठरवता येतं. त्यांच्यावर पैशाचा आणि थांबून मारण्याचा सराव चांगला होतो. कोपऱ्यामागे दबा धरण्याचा होत नाही, कारण माणसासारखा कंटाळून बाहेर यायचा स्वभाव बॉटला नसतो.

मित्र पांगलेले असतील तर

एक पुण्यात, एक नाशिकला, एक न्यू जर्सीत, अशी टोळी असेल तर घरच्या मशीनवर सर्व्हर उघडायचा प्रयत्न बहुधा फसतो. आपल्याकडे अनेक ब्रॉडबँड कंपन्या एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडूनही बाहेरच्याला दार सापडत नाही. मुंबईच्या डेटा सेंटरमधलं छोटं भाड्याचं लिनक्स मशीन घ्या आणि त्यावर स्टीमसीएमडी या कमांडनं चालणाऱ्या साधनानं डेडिकेटेड सर्व्हर उतरवा. त्याचा अ‍ॅप क्रमांक ९०, आणि मोड 'सीस्ट्राइक' असं आधी सांगावं लागतं. डाउनलोड पहिल्या फटक्यात अर्धवट थांबतं. हा या सर्व्हरचा जुना दोष आहे. तीच कमांड पुन्हा पुन्हा द्यायची, पूर्ण झाल्याचा निरोप येईपर्यंत. जुने प्लगइन लावायचे असतील तर 'स्टीम_लेगसी' ही शाखा उतरवा, कारण नोव्हेंबर २०२३ च्या बदलानंतरच्या बिल्डवर त्यातले काही चालत नाहीत. सर्व्हरला पासवर्ड लावा आणि 'एसव्ही_लॅन ०' ठेवा, नाहीतर वरचा 'क्लास सी' चा निरोप इथेही येईल.

न्यू जर्सीवाल्याचं पिंग २०० च्या वर जाणार, त्याला इलाज नाही. त्याला एडब्ल्यूपी देऊन लांबचा एखादा कोपरा धरायला सांगा. धावत जाऊन दार उघडण्याचं काम पुण्या-नाशिकच्यांनी करावं. वेळही त्याच्या सकाळची आणि आपल्या रात्रीची धरावी. त्याच्याकडे शनिवारी सकाळचे दहा वाजलेले असतात तेव्हा इथे रात्रीचे साडेसात, आणि हिवाळ्यात साडेआठ.